अंगण, कुरण आणि शाळा : बोर्डी–कोसबाड येथील बालशिक्षणाचा प्रयोग व वंचित बालकांचे निसर्गसान्निध्य

प्रास्ताविक

निसर्गाच्या सान्निध्यात घालविलेला वेळ बालकांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक स्वास्थ्यास उपकारक ठरतो, हा विचार अलीकडे नव्याने मांडला जात आहे. पाश्चात्त्य देशांत या विषयावर मानसशास्त्राच्या अंगाने बरेच लेखन झाले असून, रिचर्ड लूव यांच्या २००५ मधील ग्रंथानंतर तर तो सामान्य वाचकांच्याही चर्चेत आला. तथापि या चर्चेत एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. निसर्ग हा मुलाच्या जगण्याबाहेर कोठेतरी आहे, आणि मुलास तेथे नेऊन आणावयाचे आहे, असे ते गृहीतक होय. महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या इतिहासात मात्र असा एक प्रयोग घडला की, ज्यात मूल आधीच रानात होते आणि शाळेलाच तेथे जावे लागले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे केलेला अंगणवाडीचा आणि कुरणशाळेचा प्रयोग या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाची पार्श्वभूमी, त्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

युरोपातील खुल्या हवेच्या शाळा आणि मुंबईची उपनगरे

औद्योगिक शहरांतील कोंदट वस्त्यांत वाढणाऱ्या मुलांना मोकळी हवा मिळावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मूळ धरू लागली. बर्लिनजवळील शार्लोटनबुर्ग येथे १९०४ मध्ये अशक्त व क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी पाइन वृक्षांच्या रानात शाळा सुरू झाली. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचेल व मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये खुल्या हवेतील बालशाळा काढली. तेथे बाग हाच मुख्य वर्ग होता. फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेस 'बालकांची बाग' असे नाव दिले होतेच. या सर्व प्रयत्नांमागे एकच आकृती दिसते : शहराने मुलाचे काही हिरावून घेतले आहे, ते बागेने किंवा रानाने परत द्यावे.

मुंबईतही ही आकृती परिचयाची होती. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातील मध्यमवर्ग साष्टीच्या मोकळ्या हवेकडे वळू लागला. विलेपार्ले, अंधेरी, सांताक्रूझ ही स्थानके पुढील दशकांत वसाहती होत गेली, त्यामागे हवापालटाची ही ओढ थोडीफार होतीच. परंतु ही मोकळी हवा ज्यांना घर बांधणे परवडे त्यांच्या मुलांसाठी होती. निराधार व 'बिघडलेल्या' मुलांसाठी मुंबईने जी व्यवस्था केली, ती भिंतींच्या आतील होती. १८५७ पासून डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेली सुधारशाळा, १९२४ चा मुंबई बाल अधिनियम, आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी हे त्या व्यवस्थेचे टप्पे होत. शिस्त, कारागिरी आणि देखरेख ही तिची साधने होती. झाड, माती, पाणी यांना त्यात शिक्षणाचे साधन म्हणून फारसे स्थान नव्हते.

भावनगरची टेकडी आणि दादरचे शिशुविहार

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा शैक्षणिक पिंड घडला तो भावनगर येथे. प्रार्थना समाजी कुटुंबात वाढलेल्या आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयातील प्रमुखपद सोडून गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. हे बालमंदिर भावनगरच्या एका टेकडीवर होते. माँटेसरी पद्धतीची साधने, बालकाच्या स्वातंत्र्याविषयीचा आदर आणि गाणी-गोष्टी-नाट्य यांचा मेळ तेथे गिजुभाईंनी घातला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले.

शिशुविहार यशस्वी झाले. तेथे येणारी मुले बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गाची होती, आणि हीच गोष्ट ताराबाईंना अस्वस्थ करीत गेली असे त्यांच्या पुढील निर्णयावरून दिसते. माँटेसरी पद्धतीचा जन्म १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत झाला होता. भारतात येईपर्यंत मात्र तिची साधने महाग झाली आणि ती सुखवस्तू घरांची पद्धत बनली. योगायोग असा की, स्वतः मारिया माँटेसरी याच काळात भारतात होत्या. १९३९ मध्ये त्या अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे येथेच अडकल्या. कोडाईकनालच्या डोंगरातील मुक्कामात वनस्पती, प्राणी व भूगोल यांच्या अभ्यासाचे त्यांचे विचार विस्तारत गेले. दुसरीकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम पुढे आली होती, आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे गांधीजींनी तिची व्याप्ती शाळापूर्व वयापर्यंत नेण्याचा विचार मांडला. ताराबाईंनी या दोन प्रवाहांचा संगम करावयाचे ठरविले : माँटेसरीची दृष्टी ठेवावयाची, पण साधने खेड्यातील असावयाची.

या निर्णयात मुंबईच्या उपनगरांचा एक छोटा पण निर्णायक वाटा आहे. १९४५ मध्ये बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते व त्याची सूत्रे ताराबाईंकडे होती. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्या शिबिरास आल्या होत्या. मोरगाव येथे जन्मलेल्या, वयाच्या तेराव्या वर्षी विवाह होऊन अल्पावधीत वैधव्य आलेल्या आणि नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झालेल्या अनुताईंनी तेथेच ताराबाईंबरोबर जाण्याचे ठरविले. १९४५ अखेर बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोरिवलीची गाडी पुढे घोलवडला जाते, एवढाच भूगोल येथे ध्यानात घ्यावयाचा आहे. पण तो भूगोल ओलांडणारे त्या काळी फार थोडे होते.

रान कोणाचे?

बोर्डीचा समुद्रकिनारा, सुरूची बने आणि घोलवडच्या चिकूच्या वाड्या यांमुळे हा परिसर मुंबईकरांस रम्य वाटत आला आहे. तेथील वारली मुलाच्या वाट्यास हे रान वेगळ्या रूपाने येत होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील जंगल राखीव होत गेले. चराई, जळण, राब यांवरील निर्बंधांविरुद्धच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की, १८८५ मध्ये सरकारला ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. जमीन सावकारांकडे व जमीनदारांकडे गेली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही मालकाकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेरीस तयार केलेल्या अहवालात या वेठीचे वर्णन आले आहे.

ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हा लढा नोंदला गेला आहे. बालशिक्षणाच्या इतिहासकारांनी या दोन घटनांची एकत्र दखल क्वचितच घेतली, हे आश्चर्यकारक आहे. गोळीबारानंतर दोन-अडीच महिन्यांतच त्याच जिल्ह्यात दोन पांढरपेशा स्त्रिया आदिवासी मुलांना गाणी शिकवावयास येतात. तेव्हा मुले त्यांना पाहून पळाली, यात नवल करण्यासारखे काही नाही. शहरी पोशाखातील माणूस म्हणजे जंगलखात्याचा, मालकाचा नाहीतर पोलिसांचा, एवढेच त्या मुलांना ठाऊक होते.

तेव्हा 'निसर्गसान्निध्य' हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. वारली मूल दिवसभर उघड्यावर होते, आणि ते गुरे राखत होते, मोळ्या वाहत होते, लहान भावंडाला कडेवर घेऊन फिरत होते. रान त्याचे कामाचे ठिकाण होते. त्याच्या अस्वास्थ्याचे कारण निसर्गाचा अभाव हे नव्हते. भूक, खरूज, कर्ज आणि भय ही ती कारणे होती.

अंगणवाडी

बोर्डीत सुरू झालेल्या बालवाडीत प्रथम गावातील सवर्ण घरांची मुले येऊ लागली. हरिजनवाड्यातील व आदिवासी पाड्यांतील मुले येईनात. त्यांच्या आईबापांना बोलावून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. मग बालवाडीच वस्तीत नेण्याचे ठरले. एखाद्याच्या घरापुढील सारवलेल्या अंगणात सेविकेने बसावे, आजूबाजूची मुले गोळा करावीत, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, गाणी म्हणावीत, खेळ घ्यावेत. मुलांच्या आया दारातून पाहत. हळूहळू त्यांचा संकोच कमी झाला. यास 'अंगणवाडी' हे नाव पडले.

या प्रयोगाचे मर्म बहुधा त्याच्या स्वस्तपणात शोधले जाते. इमारत नको, बाके नकोत, म्हणून खर्च कमी. ते खरे असले, तरी अंगणाची निवड केवळ काटकसरीची नव्हती. अंगण हे घर आणि रान यांमधील स्थळ आहे. तेथे मूल आईच्या नजरेच्या टप्प्यात असते आणि परक्या बाईजवळ जाण्याचे धाडसही करू शकते. भ्यालेल्या मुलास विश्वास वाटू लागण्यासाठी असा उंबरठा लागतो. आजच्या बालमानसशास्त्रास हे तत्त्व परिचित आहे. ताराबाईंनी ते अनुभवाने हेरले.

साधनांबाबतही हाच विवेक दिसतो. माँटेसरीच्या लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंखशिंपले, गोटे, पाने, फुले, बिया, माती, बांबूच्या कांड्या यांचा उपयोग होऊ लागला. आकाराची प्रत लावणे, रंगांचे वर्गीकरण, खडबडीत-गुळगुळीत यांतील भेद, मोजणी अशी सर्व इंद्रियशिक्षणाची कामे यांवर होऊ शकत. येथे एक गोष्ट घडली, ती नोंदविण्याजोगी आहे. पुण्या-मुंबईच्या बालकास बी दाखवून 'हे कशाचे?' असे विचारले, तर शिकवावे लागते. वारली मुलाने मात्र ते शिक्षिकेसच सांगावे. कोणते पान गुरे खातात, कोणत्या फळाने पोट दुखते, खेकडा कोणत्या दगडाखाली असतो, हे त्याला ठाऊक होते. ज्या मुलास आजवर कोणी विचारले नव्हते, त्यास आपल्याजवळ ज्ञान आहे याची जाणीव होणे, हा स्वास्थ्याचा भाग मानला पाहिजे.

कुरणशाळा

बोर्डीचे कार्य १९५६–५७ च्या सुमारास जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. तेथे गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती आणि आसपास वारल्यांचे पाडे पसरलेले होते. वारली घरे एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे गावठाणातील अंगणवाडीची रीत येथे जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. या रचनेस 'विकासवाडी' म्हटले गेले. तिचे कारण सरळ होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर तान्हे भावंड असते. ते पाळणाघरात घेतले की मुलगी मोकळी होते. शाळेतील गळतीवर समित्या बसविणाऱ्यांना जे दिसत नव्हते, ते या दोघींना पाड्यावर दिसले.

मुलगे तरीही येत नव्हते. ते गुरांमागे जात. गुराख्याचे काम सकाळी सुरू होऊन सायंकाळी संपते, आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारे धान्य वा जेवण घरास हवे असते. तेव्हा शिक्षकानेच कुरणात जावे, असे ठरले. जेथे गुरे चरतात तेथे, झाडाखाली, शाळा भरावी. ही कुरणशाळा. तिचे वेळापत्रक गुरांच्या चाली पाहून ठरणारे. गुरे शांतपणे चरू लागली की मुले बसणार. एखादे जनावर पिकात शिरले की कोणीतरी उठून पळणार. दुपारी जनावरे सावलीस बसतात, तो सर्वांत निवांत वेळ. अक्षरे मातीत काढावयाची, हिशेब दगडांवर करावयाचा, आणि परिसर अभ्यास म्हणजे भोवतालचा परिसर. याखेरीज दिवसा न येणाऱ्यांसाठी रात्रशाळाही होत्या.

युरोपातील रानशाळा आणि कोसबाडची कुरणशाळा बाहेरून सारख्या दिसतात : झाड, सावली, वर्तुळात बसलेली मुले. परंतु शार्लोटनबुर्गमध्ये मुलास त्याच्या दैनंदिन जीवनापासून काही तास सोडविले जात होते. कोसबाडमध्ये त्याच्या दैनंदिन जीवनातच शाळेने स्वतःसाठी जागा मागून घेतली. पहिल्या प्रकारात निसर्ग हे औषध आहे. दुसऱ्या प्रकारात कुरणाचा अर्थ बदलतो. जेथे मूल केवळ राबत होते, तेथेच ते बसून गाणे म्हणू लागते, गोष्ट ऐकू लागते, मातीत चित्र काढते. तेच झाड, तीच माती. पण कामाच्या मध्ये थोडा वेळ त्याचा स्वतःचा झाला.

मातीतील चित्रावरून डहाणू तालुक्यातीलच एक चरित्र आठवणे स्वाभाविक आहे. गंजाडजवळील कलंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची आई ते सात वर्षांचे असताना गेली. त्या धक्क्याने त्यांचे बोलणे थांबले आणि धुळीत चित्रे काढूनच ते इतरांशी संवाद साधू लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे त्यांची कला बाहेर आली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा कोसबाडच्या शाळेशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. दुःखी मुलास जमीन ही पाटी म्हणून उपलब्ध असणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून कळते इतकेच.

मर्यादा आणि आक्षेप

कुरणशाळेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. शाळा कुरणात नेली, म्हणजे मुलाने गुरे राखणे मान्य केले असे झाले नाही काय? शिक्षण मुलाच्या श्रमाशी जुळवून घेते, तेव्हा ते श्रम सुसह्य करते, संपवीत नाही. परुळेकरांच्या चळवळीच्या दृष्टीने पाहिल्यास हा आक्षेप बिनतोड आहे : वेठ नष्ट झाल्याखेरीज मुलाचे बालपण सुटणार नाही. परंतु याची दुसरी बाजूही आहे. कायद्याने वेठबिगारी बंद व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही ती प्रत्यक्षात टिकून राहिली. १९४५ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल १९७६ मध्ये सदतीस वर्षांचे झाले होते. त्याचे बालपण कायद्याची वाट पाहू शकत नव्हते. संघर्ष आणि रचना या दोन मार्गांपैकी एकास खरा व दुसऱ्यास खोटा ठरविणे इतिहासाच्या दृष्टीने निष्फळ आहे. मात्र रचनात्मक कार्याचा गौरव करताना संघर्षाचा उल्लेखही न करण्याची जी प्रथा पडली आहे, ती सोडली पाहिजे.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. आंघोळ, विंचरलेले केस, कापलेली नखे यांवर बोर्डी-कोसबाडच्या कार्यात मोठा भर होता. खरजेने गांजलेल्या मुलास गरम पाण्याची आंघोळ हे निःसंशय सुख आहे. पण त्याचबरोबर 'अस्वच्छ आदिवासी' ही सवर्ण मनातील प्रतिमाही अशा वर्णनांतून दृढ होऊ शकते. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाचे वाचन करताना हा ताण जाणवतो. असे असले, तरी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे त्या याच परिसरात राहिल्या, पाड्यांतील माणसांत मिसळल्या आणि एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ मध्ये, बी.ए. झाल्या. दुरून उपदेश करणाऱ्यांची गणना त्यांच्यात करता येणार नाही.

शब्द उरला, अंगण गेले

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रास 'अंगणवाडी' हेच नाव दिले. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला मराठी शब्द भारतभर गेला. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांनी पूरक आहार व लसीकरण यांत केलेले काम मोठे आहे. तथापि मुंबईसारख्या शहरात अंगणवाडी म्हणजे बहुधा झोपडपट्टीतील भाड्याची एक खोली असते. तिला अंगण नसते. आणि आहाराचे उद्दिष्टही सर्वत्र साधले असे नाही : १९९२–९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी हे दाखवून दिले. ते ठिकाण कोसबाडपासून फार दूर नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी सर्व ऋतूंत टिकणाऱ्या इमारतीचा निकष घातला. वंचित मुलांना पडक्या शाळा पुरेत असे मानणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध हा निकष आवश्यक होता. पण कुरणशाळा त्या निकषात कोठेच बसत नाही, आणि जी मुले इमारतीपर्यंत पोहोचत नाहीत त्यांचा प्रश्न शिल्लक राहतो.

उपनगरांतील वारली मुले हे याचे जवळचे उदाहरण. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि गोरेगावची आरे वसाहत यांत आदिवासी पाडे पूर्वीपासून आहेत. १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत स्थापन झाली तेव्हा त्यांतील अनेकांची जमीन गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडण्यात आली. विलेपार्ले-अंधेरीच्या शाळा आपल्या विद्यार्थ्यांना निसर्गओळखीसाठी याच परिसरात सहलीस नेतात. सहलीस आलेल्या मुलास जे झाड तासाभराचा आनंद देते, ते पाड्यावरील मुलाच्या घराचा भाग असते. दोघांच्या स्वास्थ्याचा विचार एकाच मापाने करता येत नाही.

कुरणशाळेमागील तत्त्व मात्र पुढे एका वेगळ्याच ठिकाणी दिसले. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची गवताची तात्पुरती झोपडी. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबे भट्ट्यांवर येतात, मुले विटा उलटावयास लागतात, आणि गावातील शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावे तेवढी राहतात. त्या झोपड्यांशेजारी तशीच एक झोपडी शाळेची उभारण्यात येई. तेथे कुरण नाही, सावली नाही. तापलेली माती, राख आणि ट्रकची धूळ आहे. पावसाच्या आधी भट्ट्या थंडावतात, कुटुंबे गावी परततात, आणि पुढील हंगामात ती कोणत्या भट्टीवर येतील हे मुकादम ठरवितो.